तो बघ काऊ!

दिवाळी अंकाची जुळवाजुळव सुरू झाली की संपादकमहाशयांचा निरोप ठरलेला असतो : "बाई, यंदाही काही तरी खुसखुशीत होऊ द्या!" त्यांच्या शब्दाला मान देऊन आजवर या पानावर मी फसलेल्या अनारशांपासून न बोलावता आलेल्या पाहुण्यांपर्यंत सारे काही लिहिले. यंदा मात्र त्यांची आणि तुमचीही क्षमा मागून मी माझी एक चूक सांगणार आहे. ती दिवाळीतच घडली, फराळाच्या वेळी घडली, आणि या घटकेला कुठल्या तरी घरात कुणी मावशी, आत्या किंवा आजी अगदी तीच चूक करीत असेल, म्हणून ती सांगायची.

गोष्ट २०२२ सालची. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी डोंबिवलीला माझ्या भाचीकडे गेले होते. तिचा मुलगा तेव्हा एक वर्ष आठ महिन्यांचा. गुटगुटीत, दुडदुड धावणारा, आणि (हे सगळ्यांनीच कौतुकाने सांगितले) कुणाला मुळीच त्रास न देणारा. घरात पंधरा माणसांचा कलकलाट चालला होता. पण या पठ्ठ्याने गॅलरीतल्या विझलेल्या पणत्या गोळा केल्या आणि भिंतीशी एका ओळीत मांडल्या. जाताजाता कुणाच्या पायाने एक सरकली, तर ती पुन्हा जागेवर गेल्याशिवाय त्याला चैन पडेना. "आजोबांवर गेलाय हो, कसा व्यवस्थित!" त्याची आजी म्हणाली. मीही मान डोलावली.

थोड्या वेळाने तो माझ्याजवळ आला. माझे मनगट धरून त्याने मला ओढत स्वयंपाकघरात नेले आणि माझा हात वर, शंकरपाळ्यांच्या डब्याकडे ढकलला. माझ्या तोंडाकडे त्याने एकदाही पाहिले नाही. जणू हात तेवढा कामाचा, त्यामागची बाई असली नसली सारखीच. मी डबा काढून दिला आणि बाहेर येऊन सांगितले, "लबाड आहे हो! न बोलता काम करून घेतो."

भाची मोरीपाशी वाट्या विसळत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "मावशी, हा अजून बोलत नाही गं. मधे 'आई' म्हणायला लागला होता, तेही बंद झालं. हाक मारली तर वळून बघत नाही. तुला काय वाटतं?"

मला विचारण्याचे कारण होते. एकतीस वर्षे मी बालवाडीत मुले सांभाळली आहेत. घराण्यात मुलांच्या बाबतीत माझा शब्द अखेरचा. तो मी ठसक्यात टाकला : "अगं, मुलगे उशिराच बोलतात. तुझा नवरा तिसऱ्या वर्षी बोलला असं तुझ्या सासूबाईच सांगतात ना? एकदा तोंड उघडलं की गप्प कर म्हणायची पाळी येईल!" सगळे हसले. तीही हसली. पुढच्या शनिवारी तिने बालविकासाच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली होती. ती तिने त्याच रात्री रद्द केली. हे मला कळले ते सव्वा वर्षाने, म्हणजे २०२४ च्या जानेवारीत, मुलाला स्वमग्नता असल्याचे निदान झाल्यावर. तेही तिने ओघात सांगितले, दोष देण्यासाठी नव्हे. दिला असता तर बरे वाटले असते.

स्वमग्नता म्हणजे इंग्रजीतले ऑटिझम. आमच्या तरुणपणी 'स्वमग्न' हा शब्द कवींसाठी राखून ठेवलेला असे. या मुलांना तो लावताना थोडा घोटाळा होतो, कारण ऐकणाऱ्याला वाटते की मूल स्वतःच्या तंद्रीत आहे, हलवले की जागे होईल. तसे नाही. मेंदूची घडणच जन्मापासून वेगळ्या वळणाने होत जाते, आणि त्यामुळे माणसांशी देवाणघेवाण करणे, बोलणे, बदल सोसणे, आवाज आणि स्पर्श झेलणे या गोष्टी त्या मुलाला आपल्यासारख्या जमत नाहीत. बुद्धी कुणाची तल्लख असते, कुणाची बेताची. कुणी फाडफाड बोलतो, कुणाला शब्दच फुटत नाही. हे प्रमाणही वाटते तितके थोडे नाही. २०१८ साली आपल्या देशातल्या पाच जागी झालेल्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत आपला उत्तर गोवाही होता. दोन ते नऊ वर्षांच्या मुलांत शंभरास सुमारे एक असे प्रमाण त्यात आढळले. तुमच्या सोसायटीत शंभर मुले असतील तर हिशेब तुम्हीच करा.

आता, मला दिसायला हवे होते ते काय? त्यासाठी मी तुम्हाला तुमच्याच खिडकीशी नेते.

आपल्याकडे मुलाला भरवायची रीत सर्वांना ठाऊक आहे. कडेवर घ्यायचे, खिडकीशी उभे राहायचे, आणि बोट बाहेर करून म्हणायचे, "तो बघ काऊ!" लहानगे आधी आपल्या बोटाकडेच बघते. मग काही दिवसांनी बोटाच्या रोखाने बघू लागते. आणि काऊ दिसला की मान वळवून पुन्हा आपल्या तोंडाकडे बघते. त्या वळून बघण्यात सारे काही आहे. 'मी पाहिला, तूही पाहिलास ना?' असेच ते शब्दांवाचून विचारीत असते. वर्षाचे होता होता ते आपणहून बोट करू लागते : पंख्याकडे, चंद्राकडे, रस्त्यावरच्या कुत्र्याकडे. त्याला कुत्रा हवा असतो असे नाही. कुत्रा आहे ही बातमी तुम्हाला द्यायची असते. हवे म्हणून केलेले बोट निराळे आणि दाखवायचे म्हणून केलेले निराळे. ज्या मुलांना स्वमग्नता असते त्यांच्यात हे दुसरे बोट फार उशिरा येते, किंवा येतच नाही.

आमच्या मुलाने कधी कुणाला काऊ दाखवला नव्हता. पण गंमत अशी की जे घडत नाही ते डोळ्यांना दिसत नाही. मूल रडले तर सारी आळी गोळा होते. मुलाने बोट केले नाही याचा आवाज होत नाही. उलट ते गुणी ठरते.

अमेरिकेतल्या सिॲटल येथे दोन संशोधक बाईंनी १९९४ साली एक सुरेख अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे स्वमग्नता ठरलेल्या अकरा मुलांच्या आणि इतर अकरा मुलांच्या पहिल्या वाढदिवसाच्या घरगुती फिती त्यांनी मागवून घेतल्या. केक, फुगे, टाळ्या, आत्या-मावश्या. सगळीकडे तेच दृश्य. कोणते मूल कुठल्या गटातले हे ठाऊक नसलेल्या माणसांना त्या दाखवल्या आणि चार गोष्टी मोजायला सांगितल्या : मूल माणसांच्या तोंडाकडे किती वेळा बघते, नावाने हाक मारल्यावर वळते का, बोट करते का, हातातली वस्तू दुसऱ्याला दाखवते का. एवढ्या बळावर बहुतेक मुले बरोबर ओळखता आली. म्हणजे खूण पहिल्या वाढदिवसालाच घरात हजर होती. आईबापांनी ती हौसेने चित्रितही केली होती. हे वाचल्यावर मी भाचीकडचा जुना व्हिडिओ काढून पाहिला. मागून माझाच आवाज येतो आहे. चार वेळा मी त्याला हाक मारली आहे. तो फुग्याच्या दोऱ्याकडे बघतो आहे.

इतर खुणाही सांगते, पण घड्याळ लावून त्या तपासत बसू नका. सहा-सात महिन्यांचे मूल ओळखीचे माणूस दिसले की तोंडभर हसते. नऊ-दहाव्या महिन्यात आपण 'आ' केले तर तेही 'आ' करते, बुवा-कुक खेळते. वर्षाच्या सुमारास बा-बा, दा-दा अशी बडबड चालते, टाटा करते, हाकेला वळते. सोळा महिन्यांपर्यंत एखादा अर्थाचा शब्द, आणि दोन वर्षांपर्यंत स्वतःचे दोन शब्द जोडून 'बाबा गेले', 'दूध नको' इतपत मजल जाते. यातले एखादे मागेपुढे झाले म्हणजे स्वमग्नताच असे मुळीच नव्हे. पण दोन-तीन गोष्टी एकदम मागे पडल्या, तर वाट पाहण्यात शहाणपण नाही. आणि आलेला शब्द गेला, पूर्वी हसून बघणारे मूल बघेनासे झाले, तर ते कोणत्याही वयात असो, लगेच डॉक्टरांकडे जावे. 'आई' येऊन गेले होते हे भाचीने मला स्वच्छ सांगितले होते. मी ऐकले नाही.

ओळी मांडणे, गाडी उलटी करून चाकच फिरवत बसणे, मिक्सर लागला की किंचाळणे, एकाच वाटीतून एकच पदार्थ खाणे, आनंद झाला की हात पाखरासारखे फडफडवणे, या गोष्टी थोड्याफार सगळीच मुले करतात. त्या एकट्या पाहू नयेत. तोंडाकडे न बघणे आणि बोट न करणे यांच्या जोडीने त्या दिसतात का, ते पाहावे. मुलींच्या बाबतीत तर आपण आणखी फसतो. मुलगी अबोल असली की 'लाजाळू' म्हणून तिची दृष्ट काढली जाते.

पहिला संशय बहुधा बहिरेपणाचा येतो, आणि तो आधी दूर करावा हेच योग्य. झोपलेल्या मुलाच्या डोक्याला तारा लावून 'बेरा' नावाची तपासणी होते. मुंबईकरांना वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था त्यासाठी परिचयाची आहे. आमच्याकडे कानाचा संशय कुणाला आला नाही, कारण हाकेला न वळणारा हा गृहस्थ बिस्किटाच्या पुड्याचा कागद वाजला की तिसऱ्या खोलीतून धावत येई. कान शाबूत, पण आईच्या आवाजापेक्षा कागदाचा आवाज जवळचा! ही विसंगती हीच खूण होती.

निदान झाल्यावर भाचीचा पहिला प्रश्न काय असेल? "मावशी, माझं काय चुकलं?" बाळंतपणानंतर सात महिन्यांनी ती नोकरीवर रुजू झाली होती. मूल पाळणाघरात राहिले. आजीबाई उघड काही बोलल्या नाहीत. नुसते "आमच्या वेळी घरात माणसं असायची" एवढेच म्हणाल्या. या एका वाक्याने किती सुना रात्ररात्र जागल्या असतील, देव जाणे. म्हणून या प्रश्नाची जुनी हकीकत सांगणे मला भाग आहे.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात लिओ कॅनर नावाचे मुलांचे मनोविकारतज्ज्ञ होते. १९४३ साली त्यांनी अकरा मुलांची वर्णने प्रसिद्ध केली. या अवस्थेचे पहिले नेटके वर्णन ते हेच. त्यांतला पहिला मुलगा डोनाल्ड. त्याच्या वडिलांनी डॉक्टरांना तेहेतीस पानी टंकलिखित पत्र धाडले होते. (बापाने तेहेतीस पाने भरून मुलाविषयी लिहावे, आणि तरी लोकांनी म्हणावे की आईबापांना माया नव्हती!) कॅनर आधी म्हणाले की हे जन्मजात आहे. पण पुढे त्यांनीच आईबापांच्या थंडपणाविषयी लिहिले, आणि 'बर्फाच्या कपाटासारख्या आया' हा शब्दप्रयोग रूढ झाला. ब्रुनो बेटलहाइम यांनी तर १९६७ साली पुस्तकच लिहून आईला पिंजऱ्यात उभे केले. वीसएक वर्षे शहाण्यासुरत्या डॉक्टरांनी आयांना सांगितले की तुमच्या मनात मूल नको होते, म्हणून ते असे झाले. याविरुद्ध पहिला ठोस ग्रंथ १९६४ साली लिहिला तो बर्नार्ड रिमलँड यांनी. ते मानसशास्त्रज्ञ तर होतेच, पण अशा एका मुलाचे बापही होते. १९६९ साली खुद्द कॅनर यांनी पालकांच्या सभेत उभे राहून त्यांना दोषमुक्त केले. आणि तो डोनाल्ड? तो पुढे बँकेत नोकरीला लागला, मोटार चालवू लागला, गोल्फ खेळला, देशोदेशी हिंडला आणि २०२३ साली एकोणनव्वदाव्या वर्षी वारला.

भाचीला मी हे सारे सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे आईला सोडायला त्यांना सव्वीस वर्षं लागली." हिशेबात ती पहिल्यापासून पक्की.

मग कारण काय? १९७७ साली लंडनमध्ये जुळ्यांच्या एकवीस जोड्या तपासल्या. हुबेहूब जुळ्यांत एकाला स्वमग्नता असली तर दुसऱ्यालाही असण्याचे प्रमाण बरेच निघाले. साध्या जुळ्यांत एकही तशी जोडी नव्हती. तेव्हापासून बोट वळले ते बीजाकडे. २०१९ साली पाच देशांतल्या वीस लाख मुलांच्या नोंदी पाहून अभ्यासकांनी सांगितले की मुलामुलांतल्या या फरकाचा सुमारे ८० टक्के वाटा अनुवंशाचा आहे. याचा अर्थ 'तुमच्याकडून आले की आमच्याकडून' असा भांडणाचा विषय नव्हे. शेकडो जनुकांचा हा खेळ आहे, आणि काही बदल तर मुलातच नव्याने घडतात. ते आईत नसतात नि बापातही नसतात. त्याखेरीज आईबापांचे वाढलेले वय, फार अपुऱ्या दिवसांची प्रसूती, गरोदरपणी झालेला रुबेला, अपस्मारासाठी घेतलेले व्हॅल्प्रोएट हे औषध, यांनी शक्यता काहीशी वाढते. (ते औषध कुणी घेत असेल तर मनाने बंद मात्र करू नये; दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे.) पहिल्या मुलाला स्वमग्नता असेल तर पाठच्या भावंडावर लहानपणापासून लक्ष ठेवावे, पाचांत एकाला ती आढळते.

लशीचे खूळ एकदाचे पुरून टाकू या. १९९८ साली इंग्लंडात अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टराने अवघ्या बारा मुलांवरून गोवराच्या लशीवर संशय घेतला. तो लेख २०१० साली मासिकाने मागे घेतला आणि त्याच वर्षी डॉक्टरसाहेबांचे नाव वैद्यकाच्या नोंदवहीतून खोडले गेले. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाख मुलांची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्यांत फरक आढळला नाही. मग संशय का येतो? दीड वर्षाच्या सुमारास लस टोचली जाते आणि त्याच सुमारास खुणा डोळ्यांवर येतात, एवढाच योग. २०२५ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या अध्यक्षांनी गरोदरपणी घेतलेल्या पॅरासिटामोलला दोष दिला. पण त्याच्या आदल्याच वर्षी स्वीडनमध्ये जवळजवळ पंचवीस लाख मुलांची पाहणी झाली होती, आणि सख्ख्या भावंडांची तुलना केल्यावर तो संबंध उरला नव्हता.

मोबाईलचे जरा वेगळे. मोबाईलने स्वमग्नता होते असे सिद्ध झालेले नाही. तान्ह्या मुलापुढे तासन्‌तास पडदा ठेवला तर त्याच्याशी बोलणारे, खेळणारे माणूस तेवढा वेळ हरवते, आणि बोलणे लांबू शकते, हे खरे. पडदा बंद करावाच. पण 'मोबाईल बंद केलाय, आता सहा महिने बघू' म्हणून तपासणी पुढे ढकलणे ही माझ्या 'मुलगे उशिरा बोलतात'चीच धाकटी बहीण.

उपचार म्हणजे गोळी किंवा टोचणी नव्हे. मूलपेशी टोचून मूल बरे करून देतो असे सांगून लाखो रुपये मागणारे लोक आहेत. त्या मार्गाचा उपयोग सिद्ध झालेला नाही, दाराशी उभे करू नये. खरे काम असते ते रोजच्या सरावाचे : वाचाउपचार, व्यवसायोपचार, आणि घरच्यांनी जमिनीवर बसून मुलाच्या खेळात शिरणे. जितके लवकर तितके बरे, कारण मेंदू तेव्हा ओल्या मातीसारखा असतो. त्यासाठी पक्क्या निदानाची वाट पाहावी लागत नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांतून शीघ्र हस्तक्षेप केंद्रे निघाली आहेत, तेथे खर्चाचा प्रश्न येत नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्याने मानलेल्या एकवीस प्रकारांत स्वमग्नताही आहे. दाखला काढून ठेवावा, शाळेच्या आणि परीक्षेच्या वेळी कामी येतो. दाखला काढला म्हणजे मुलावर शिक्का बसला असे मानणारे आमच्याही नात्यात निघाले. त्यांना चहा पाजून घरी पाठवले.

एक गोष्ट मात्र मला अजून झोपू देत नाही. बालवाडीतल्या एकतीस वर्षांत माझ्या हाताखालून अशी मुले गेलीच असली पाहिजेत. एक तर चांगला आठवतो : दारामागे उभा राहून दाराची कडी वरखाली करणारा. त्याच्या आईला मी सांगितले होते, "अजून वर्षभर घरीच ठेवा, तुम्हीच त्याला फार लाडावलंय." ती बाई खाली मान घालून निघून गेली. आज तो पस्तिशीच्या घरात असेल.

आमचा मुलगा आता पावणेपाच वर्षांचा आहे. तीन-चार शब्दांची वाक्ये बोलतो. "तुला पाणी हवं का?" असे त्याने विचारले की त्यालाच पाणी हवे आहे असे समजायचे, ऐकलेले वाक्य तो जसेच्या तसे परत देतो. (कॅनर यांनी त्या अकरा मुलांत हेही टिपून ठेवले आहे.) यंदा त्यांच्या घरी फटाके नाहीत, आणि फराळाला पंधरा माणसे एकदम न बोलावता दोघादोघांनी यायचे ठरले आहे.

मागच्या रविवारी मी नव्या पणत्या घेऊन गेले होते. भाचीने त्या पाण्यात भिजवून उन्हात वाळवल्या. त्याने अर्थातच ओळ मांडायला घेतली. त्याच्या बाईंनी शिकवल्याप्रमाणे मी शेजारी फतकल मारून बसले आणि एकेक पणती त्याच्या हातात देत गेले. अकरावी पणती मी माझ्या तोंडाशी धरून तशीच ठेवली. तो थांबला. पणतीकडे पाहिले, मग क्षणभर माझ्याकडे. "आजी, दे," म्हणाला. मी दिली.

बाराव्या पणतीला त्याने माझ्याकडे पाहिले नाही. उठला आणि टोपलीतून स्वतःच घेऊन आला.